एकेचाळीस खुणा आणि एक बाण

“मॅडम, सकाळपासून रात्रीपर्यंत मी एक मिनिट स्वस्थ बसत नाही. तरी अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, आज काहीच झालं नाही. मी आळशी झालेय का?”

या ना त्या शब्दांत हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्यांत परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, नोकरदार असतात, घर सांभाळणाऱ्या बायका असतात, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेले गृहस्थही असतात. एक मात्र सांगते, खरोखर आळशी माणूस ही तक्रार घेऊन माझ्याकडे अजून आलेला नाही. आळसात सुख असतं. सुखात असलेला माणूस समुपदेशकाची वेळ कशाला मागेल?

वरचं वाक्य रेवतींचं. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. त्यांची हकिकत त्यांना विचारूनच लिहिते आहे. वय ३६, एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात नोकरी, घरी नवरा आणि सात वर्षांचा मुलगा.

पहिल्या दिवशी त्या दहा मिनिटं आधी आल्या आणि बाहेरच्या खुर्चीत बसून ईमेलना उत्तरं देत होत्या. आत आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी त्यांनी टेबलावर वही ठेवली. जाडजूड, चार रंगांच्या शाईने भरलेली. ऑफिसला निळा, घराला हिरवा, तातडीला लाल आणि ‘स्वतःसाठी’ जांभळा. जांभळा रंग फारसा कुठे दिसला नाही.

“हे बघा, काल एका दिवसात एकेचाळीस कामं,” त्यांनी पान उघडून दाखवलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. मी वाचत गेले. त्यात ‘पेनाची रिफिल बदलली’ हेही होतं. मी वर पाहिलं तशा त्या हसल्या. “आधी यादीत नव्हतं. करून झाल्यावर लिहिते आणि मग टिक करते. बरं वाटतं.” मीही हसले. हा उद्योग मीही करते.

पानाच्या तळाशी एक ओळ मात्र बिनखुणेची होती. नुसतं ‘आ.’ आणि पुढच्या पानाकडे जाणारा बाण. मी पानं मागे उलटत गेले. आदल्या दिवशीही ‘आ.’ आणि बाण. त्याच्या आधी काही दिवस ‘आराखडा’ आणि बाण. त्याआधी ‘अभ्यासक्रम आराखडा’. तेवीस पानं मागे गेल्यावर ती ओळ पूर्ण सापडली : ‘नवीन कर्मचाऱ्यांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा’, लाल शाईत, खाली दोन रेघा मारलेल्या. तेवीस दिवसांत अक्षर लहान होत होत एका अक्षरावर आलं होतं.

तिथेच थांबून विचारायला हवं होतं. मी थांबले नाही. वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ही माझी चूक पुढे दोन आठवड्यांना पडली.

पुढचे प्रश्न नेहमीचेच, पण ते विचारल्याशिवाय मी कोणालाच वेळापत्रकाबद्दल बोलू देत नाही. झोप किती? भूक कशी आहे? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का? मन उदास राहतं का, किती दिवसांपासून? जगणं नकोसं वाटतं का? ‘हातून काही होत नाही’ या तक्रारीमागे कधी नैराश्य असतं, कधी थायरॉइड, कधी रक्तातलं लोह कमी, कधी लहानपणापासून न ओळखलेली अवधानाची अडचण. अशा वेळी वह्या आणि घड्याळं हातात देणं म्हणजे ताप आलेल्याला पळायचे धडे देणं. रेवतींना आवड शाबूत होती, मूड दिवसाच्या शेवटी ढासळायचा पण सकाळी ठीक असायचा, रक्ताच्या तपासण्या त्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच केल्या होत्या आणि त्या चांगल्या होत्या.

झोपेपाशी मात्र गाडी अडली. पाच महिन्यांपासून त्या पहाटे पाचला उठत होत्या. यशस्वी माणसं पाचला उठतात, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून. झोपायला मात्र बारा वाजायचे, कारण झोपण्याची वेळ कोणत्या व्हिडिओत सांगितली नव्हती.

“पण मला आता सवय झालीये पाच तासांची,” त्या म्हणाल्या.

हे वाक्यही मी फार ऐकते, आणि यावर सांगण्यासारखा एक चांगला पुरावा हाताशी आहे. अमेरिकेत काही संशोधकांनी ४८ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सलग चौदा दिवस रोज चार तास, काहींना सहा तास, काहींना आठ तास झोपू दिलं आणि दिवसभर त्यांच्या लक्षाच्या, आठवणीच्या चाचण्या घेतल्या. सहा तासवाल्यांची कामगिरीसुद्धा दिवसागणिक घसरत गेली, इतकी की सलग एक-दोन रात्री न झोपलेल्या माणसासारखी झाली. आणि खरी मेख पुढेच आहे : झोप किती येते असं विचारलं, तर त्यांच्या मते ती थोडीशीच वाढली होती. घसरण चालू होती, जाणीव मात्र थांबली होती. सवय झाली म्हणतो ती बहुधा हीच. पहाटेच्या उठण्यात काही वाईट नाही, ज्यांना लवकर झोप येते त्यांना ते मानवतंही. पण झोपेतून कापून काढलेला वेळ म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकलेला पैसा, आणि वाटेत थोडा गळतोही.

पाचचा गजर सहावर न्यायचं त्यांनी कबूल केलं. मग मी ती दुसरी चूक केली. त्यांना पंचवीस मिनिटांची पद्धत दिली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी अभ्यासासाठी शोधलेली ही पद्धत : टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायचं, पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विसावा. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच पद्धतीचं नाव झालं. साधी आहे, पुष्कळांना उपयोगी पडते. रेवतींनाही पडेल असं मला वाटलं.

दुसऱ्या भेटीला त्या आल्या त्या विजयी मुद्रेने. दिवसाला चौदा-चौदा पोमोदोरो. वहीत आता पाचवा रंगही आला होता. मी पानं पाहिली. ईमेल, तक्ते नीट करणं, जुन्या फायलींना नवीन नावं देणं, मुलाच्या शाळेचे अर्ज, एका सहकाऱ्याच्या सादरीकरणातल्या शुद्धलेखनाच्या चुका. आणि तळाशी ‘आ.’ आणि बाण.

मला त्या क्षणी लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. पळून जाणाऱ्या माणसाला मी चांगले बूट दिले होते.

“रेवतीताई,” मी म्हटलं, “हे ‘आ.’ काय आहे?”

त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. “ते होय? ते करायचंय. तीन-चार तासांचंच काम आहे. मोकळा वेळ मिळाला की बसणार.”

“तेवीस दिवसांपूर्वी लिहिलं होतंत. आता सदतीस झाले.”

त्या गप्प झाल्या. टोपण उघडलं, लावलं, उघडलं. मग म्हणाल्या, “ते सोडून बाकी सगळं करते मी.”

असं बोलून त्यांनी माझं अर्धं काम करून टाकलं. बाहेरून ज्याला आपण कार्यक्षमता म्हणतो तिच्या पोटात पुष्कळदा टाळाटाळ असते, आणि ती ओळखू येत नाही कारण तिच्या अंगावर कामाचेच कपडे असतात. लोळत पडून मोबाइल पाहणाऱ्याला निदान कळतं की आपण टाळतो आहोत. एकेचाळीस कामं करून टाळणाऱ्याला ते कसं कळणार? तो तर दमलेला असतो.

मुळात ‘उत्पादकता’ हा शब्द शेतातला आणि कारखान्यातला. इतकी मजुरी, इतका कच्चा माल, इतका वेळ घातला. त्यातून किती नग बाहेर पडले, एवढाच त्याचा अर्थ. तिथे नग मोजता येतात आणि एक नग दुसऱ्यासारखाच असतो. आपण तो शब्द उचलून घरी आणला, आणि मोजायला नग नाहीत म्हणून खुणा मोजू लागलो. रिफिलीची खूण आणि आराखड्याची खूण सारख्याच उंचीची. मग मन हुशारच, ते स्वस्त खुणा गोळा करतं.

तास मोजणं हा या हिशेबाचाच दुसरा प्रकार. रेवती सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडायच्या. त्यांना मी कारखान्याचीच गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कामगार आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होते, आणि कोणी किती तास काम केलं व किती माल काढला याच्या नोंदी तेव्हाच्या सरकारी समितीने ठेवल्या होत्या. जॉन पेन्कावेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याच्या सुमारे पन्नास तासांनंतर दर तासाचं उत्पादन उतरायला लागतं; सत्तर तास राबणाऱ्यांनी काढलेला माल छप्पन्न तासवाल्यांपेक्षा जेमतेम जास्त होता. वरचे चौदा तास जवळपास हवेत गेले. हे हातकामाचं झालं, डोक्याच्या कामाला तोच आकडा लावता येणार नाही. पण जिथे नग खरोखर मोजता येत होते तिथेसुद्धा ‘जास्त वेळ म्हणजे जास्त काम’ हे गणित पन्नास तासांपुढे टिकलं नाही, एवढं पुरे.

एकाच वेळी तीन कामं करण्याबद्दल मी फार बोलले नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ऑफिसच्या ग्रुपचा आवाज बंद करायला सांगितला, त्यांनी केला, तो विषय तिथे संपला.

तिसऱ्या भेटीत मी वही बाहेर ठेवायला सांगितली. त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, “आराखड्याचं पहिलं पान इथेच लिहा. वाईट लिहा. मी वाचणार नाही. पंधरा मिनिटं.”

“इथे? तयारीशिवाय?”

“तयारीशिवाय.”

मी खिडकीकडे तोंड करून बसले, पण कानावर सगळं येत होतं. पेनाचं टोपण. कागद सरळ केल्याचा आवाज. पर्सची चेन उघडली, बंद झाली. एक उसासा. सहा मिनिटं कागदावर काही उमटलं नाही. मग त्या म्हणाल्या, “मॅडम, मघापासून चार वेळा माझा हात फोनकडे गेला.”

“जायच्या आधी काय होतं?”

“म्हणजे?”

“हात निघायच्या आधी. अंगात कुठे काही होतं का?”

त्यांनी छातीच्या जरा खाली हात ठेवला. “इथे गोळा येतो. शीर्षक लिहिलं, की हा गोळा येतो. मग वाटतं आधी जुना अभ्यासक्रम एकदा बघून घेऊ. किंवा फोन.”

या गोळ्याबद्दलच खरं बोलायचं होतं. चालढकलीचा अभ्यास करणारे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लिहिलं की चालढकल ही वेळेच्या नियोजनाची अडचण कमी आणि भावनेची अडचण जास्त आहे. समोरच्या कामाने मनात काहीतरी नकोसं उठतं, भीती, कंटाळा, लाज. ते काम बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. त्या हलकेपणासाठी आपण उद्याच्या स्वतःवर बोजा टाकतो. चाळीस वह्या आणल्या तरी हा गोळा वहीत मावत नाही. तो छातीखाली असतो.

गोळा कशाचा, हे मग हळूहळू निघालं. आधीच्या नोकरीत रेवतींनी पहिल्यांदा एकटीने एक अभ्यासक्रम तयार केला होता. बैठकीत वरिष्ठांनी तो सगळ्यांसमोर चाळला आणि म्हणाले, “हे तुम्ही स्वतः लिहिलंत?” एवढंच. पुढे काही नाही. पण बैठकीतले आठ जण तेव्हा टेबलाकडे बघत होते, हे त्यांना नऊ वर्षांनंतरही आठवत होतं. दुसऱ्यांसाठी काम करताना, तक्ते नीट करताना, कोणाचं शुद्धलेखन तपासताना तो प्रश्न कोणी विचारणार नव्हतं. आराखडा मात्र त्यांच्या एकटीच्या नावाचा.

“म्हणून तीन-चार तासांचं काम?” मी विचारलं.

“मनातल्या मनात ते लहान केलं, की भीती कमी वाटते,” त्या म्हणाल्या. ‘आ.’ का उरला होता ते मला तेव्हा कळलं.

अंदाज चुकणं हे काही एकट्या रेवतींचं नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. ‘सगळं बिनसलं तर?’ या प्रश्नावर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५-५६. सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजही कमीच पडला. म्हणून मी कामाचा अंदाज विचारताना ‘किती लागेल’ असं विचारत नाही. ‘मागच्या वेळी असंच काम होतं, तेव्हा किती लागले होते’ असं विचारते. रेवतींनी आठवून सांगितलं : अकरा दिवस, रोज दोनेक तास. म्हणजे वीस-बावीस तासांचं काम त्या इतके दिवस ‘मोकळ्या चार तासांत’ बसवू पाहत होत्या. अशी चौकट मिळणारच नव्हती. मिळाली असती, तरी पुरली नसती.

मूड लागला की बसू, हा असाच दुसरा समज. गोळा जाऊ दे, मग लिहीन. तो आधी जात नाही. त्या दिवशी त्यांनी उरलेल्या नऊ मिनिटांत साडेपाच ओळी लिहिल्या, आणि गोळा कुठे गेला असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आहे. पण तिसऱ्या ओळीनंतर विसरले होते.”

रोजचं काम आम्ही मग असं ठरवलं : ऑफिसात पोहोचल्यावर ईमेल उघडायच्या आधी, बैठकीच्या रिकाम्या खोलीत, फोन जागेवर ठेवून, आराखड्याची चाळीस मिनिटं. एवढंच. वाईट लिहायची मुभा. बाकीच्या कामांची यादी त्यांनी हवी तेवढी लांब ठेवावी.

त्यातही एक घोळ झाला. सहाव्या दिवशी मुलगा आजारी पडला, त्या दिवशीची चाळीस मिनिटं हुकली, आणि सातव्या दिवशी त्या नवी वही घेऊन आल्या. घरात अशा अर्ध्यावर टाकलेल्या वह्या अजून चार आहेत, असं त्यांनी सांगितलं. एक दिवस खंड पडला की सगळं मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. एकवीस दिवस सलग झालं तरच सवय लागते ना? या एकवीस दिवसांनी माझ्या खोलीत किती वह्या वाया घालवल्या असतील देव जाणे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० च्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. मी त्यांना जुन्या वहीतच पुढचं पान उघडायला लावलं. हुकलेल्या दिवसाचं पान कोरं ठेवायचं, फाडायचं नाही.

यावर त्या जरा चिडल्या. “मॅडम, तुम्ही मला सूट देताय. स्वतःला अशी माफी देत बसले तर मी बसूनच राहीन.”

हा समज सगळ्यात चिवट. स्वतःला चाबूक मारल्याशिवाय आपण हलणार नाही, असं माणसांना मनापासून वाटतं. त्याच चालढकलीच्या अभ्यासकांपैकी पिचिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. विचार केला तर यात नवल नाही. काम पाहून मन घाबरतं म्हणून ते टाळतो. टाळल्याबद्दल स्वतःला झोडपलं की त्याच कामाला आणखी एक भीती चिकटते. रेवतींना हे पटायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलंय असं मला वाटत नाही.

रात्रीचं एक सोपं होतं. अंथरुणावर पडलं की कामं डोक्यात फेर धरायची. अर्धवट कामं मनाला टोचत राहतात हे खरं, पण ती संपवायलाच लागतात असं नाही. ती कधी, कुठे, कशी पुढे न्यायची एवढं नेमकं ठरवलं तरी टोचणी बरीच कमी होते, असं २०११ मधल्या एका प्रयोगमालिकेत दिसलं होतं. त्यांनी संध्याकाळी निघताना दोन ओळी लिहायला सुरुवात केली : ‘उद्या नऊ दहाला, बैठकीची खोली, दुसऱ्या भागातलं तिसरं उदाहरण.’ दोन आठवड्यांनी झोप साडेसहा तासांवर आली.

आता मी ज्याबद्दल घाई करणार नाही ती गोष्ट. पाचव्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या, “नवऱ्याच्या किल्लीचा आवाज आला की मी उठते.”

“म्हणजे?”

“खुर्चीत बसलेली असते ना, तर दाराला किल्ली लागली की पटकन उठते. काहीतरी हातात घेते. कपड्यांची घडी, काहीही.” बोलता बोलता त्या थबकल्या. “तो काही बोलत नाही हो. तो कधीच बोलला नाही.”

बोलायचे त्यांचे वडील. ‘रिकामी काय बसलीस?’ जिन्यावर वडिलांच्या चपलांचा आवाज आला की रेवती आणि त्यांचा भाऊ पुस्तक उघडायचे, कधी कधी उलटं. वडील कडक होते असंही नाही. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी बसून राहणं परवडणारंच नव्हतं, आणि त्यांनी तीच शिकवण जपून मुलांना दिली. पण शिकवण अशी रुजली, की विश्रांती ही काम संपल्यावर मिळणारी मजुरी झाली. आणि घराचं, ऑफिसचं काम कधी संपतं? म्हणजे मजुरी कायमची थकलेली. बसायचं तर चोरून, आणि चोरून बसलेल्या माणसाच्या अंगी विश्रांती लागत नाही, फक्त वेळ जातो. रेवती रात्री दीड तास फोन चाळायच्या त्याचं हेच. दिवसभर कोणी बसू दिलं नाही म्हणून त्या रात्री हट्टाने जाग्या राहायच्या.

मी घरचा अभ्यास दिला : रोज पंधरा मिनिटं, घरचे जागे असताना, हातात काही न घेता बसायचं. चाळीस मिनिटांच्या आराखड्याला त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या.

हे सगळं मनातलं. पण सगळंच मनातलं असतं असं म्हणून मी कोणाला घरी पाठवत नाही, कारण मग ऑफिसं फार स्वस्तात सुटतात. वहीतल्या निळ्या ओळी आम्ही एकदा वेगळ्या काढल्या. जवळजवळ तिसरा हिस्सा अशा कामांचा निघाला, जी आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची होती. ‘नवीन माणूस येईपर्यंत बघाल ना?’ असं म्हणून दिलेली. नवीन माणूस आला नाही आणि कोणाला आठवणही राहिली नाही, कारण रेवती ती कामं चोख करत होत्या. दोन माणसांचं काम एकीने केलं आणि ते पुरं होत नाही म्हणून ती रात्री रडली, तर दोष तिच्या शिस्तीचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये कामाच्या ताणाने येणाऱ्या थकलेपणाचं, ज्याला आपण बर्नआउट म्हणतो त्याचं, वर्णन करताना त्याला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली घटना म्हटलं आहे.

वरिष्ठांशी कसं बोलायचं याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. पहिल्या दोन प्रयत्नांत त्यांनी सुरुवातच ‘सॉरी सर’ने केली. तिसऱ्यात मी त्यांना फक्त यादी पुढे सरकवायला सांगितली : ही कामं माझी, ही तात्पुरती आलेली, आराखडा हवा असेल तर यातलं कोणतं थांबवू? प्रत्यक्षात वरिष्ठांनी निम्मी कामं दुसरीकडे दिली. निम्मी राहिली. मला आणखी कमी व्हायला हवी होती, पण तो निर्णय माझ्या खोलीत होत नाही.

आराखडा ठरल्या तारखेपेक्षा नऊ दिवस उशिरा गेला. तिसरा भाग कच्चा आहे असा शेरा आला आणि तो त्यांना पुन्हा लिहावा लागला. शेरा वाचताना गोळा आला होता का, मी विचारलं. “आला की. पण कोणी टेबलाकडे बघत नव्हतं, सगळे कागदाकडे बघत होते.”

वही अजून आहे, पण शाई दोनच रंगांची. झालेली कामं लिहून मग खूण करायची सवयही आहे. “ती सोडायला सांगू नका,” असं त्यांनी मला आधीच बजावलं. मी कशाला सांगू?

शेवटच्या भेटीत निघता निघता त्या दाराशी थांबल्या. “सांगायचं राहिलंच. परवा संध्याकाळी मी खुर्चीत बसले होते आणि किल्लीचा आवाज आला. अर्धी उठले, आणि परत बसले. हातात काही नव्हतं.”

“मग?”

“तो आत आला, माझ्याकडे बघितलं, बॅग खाली ठेवली आणि कपाळाला हात लावून म्हणाला, ‘काय गं, बरं नाही का वाटत?’”